सिमवाला की वायफायवाला

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. आईला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात गेलं म्हणतात, पण नक्की काय झालं ते तिच्या माहेरीही कुणाला धड सांगता आलं नाही. तिला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, लांब असली तर जमिनीवर पाय आपटायचा, आणि घरात अंधारून आलं असेल तर बल्बचं बटण दोनदा खालीवर करायचं. बाहेरच्याला वाटे, अगदी चिडीचूप घर असेल. खरं तर आमच्या वस्तीवर एवढं आवाजाचं घर दुसरं नव्हतं. आपल्या हातून किती आवाज होतो हे आईला कळायचंच नाही. ती चरवी ठेवायची ती आदळून, कडी लावायची ती दार हादरवून. पहाटे ती भाकऱ्या थापायला बसली की परातीचा आवाज शेजारच्या सुमनकाकूंच्या घरापर्यंत जायचा, आणि काकूंचं घड्याळ तेच होतं. आवाज निघत नव्हता तो फक्त तिच्या गळ्यातून, आणि त्याचंही मला कधी काही वाटलं नाही. तिचे हात एवढं बोलायचे की ती गप्प आहे असं म्हणायची सोयच नव्हती.

आमच्या खुणा आमच्याच होत्या. कुठल्या शाळेत शिकवतात तसल्या नव्हेत. दूध म्हणजे दोन बोटांत आचळ धरून ओढल्यासारखं करायचं. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांच्यासाठी मिशीला पीळ. नगरचा मामा म्हणजे कपाळावरची खोक, कारण आईच्याच हातचा दगड त्याला लहानपणी लागला होता. आणि मी म्हणजे कानाची पाळी. मी तिचे कान होते. डेअरीवर फॅट किती लागलं ते मी तिला सांगायचे, बाजारात भाव मी करायचे, डॉक्टरांना तिचं कुठं दुखतंय ते माझ्या तोंडून कळायचं. दादांना जेवण, पाणी, वैरण एवढ्यापुरत्या खुणा येत. त्यापुढचं काही असलं की ते गोठ्यातूनच ओरडत, “मने, तुझी आई काय म्हन्ती बघ गं.” नवराबायकोची भांडणंसुद्धा माझ्या मध्यस्थीनं व्हायची. दोन्हीकडचे कडू शब्द मी थोडे कमी करून पोचवायचे. ही सवय मला तेव्हा चांगली वाटायची. आज वाटतं, तिथंच मी चुकायला शिकले.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि मामानं ठरवलं की मी अकरावी-बारावी नगरला, सावेडीत त्याच्याकडं राहून करायची. त्या दिवशी आईनं शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे वळलेले शेंगोळे लसणाच्या रश्श्यात रटरटत होते आणि मामा त्याच्या बहिणीशी खुणांनी बोलत होता. त्याला आमच्या खुणा येत, अर्ध्या तर त्यानंच लहानपणी तिच्याबरोबर बनवल्या होत्या. पुस्तक, मोठं, शहर, दोन वर्षं. आईनं सगळं पाहून घेतलं आणि ताटात आणखी एक डाव वाढला. “मनी गेल्यावर हिच्याशी बोलायचं कसं?” असं दादांनी विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, “आता काय ते दिवस राहिलेत का दाजी? मी मनीषाला टॅब घेऊन देतो. त्यावर अभ्यास होईल आणि ताईशी समोरासमोर बोलणंही होईल.” टॅब म्हणजे काय ते दादांना कळलं नाही. मला कळलं होतं, असं मी दाखवलं.

खरेदीला आम्ही सगळेच गेलो. तेव्हा आम्ही नगरच म्हणायचो. आता पाटीवर अहिल्यानगर असतं, पण अजून एसटीत बसताना माझ्या तोंडून जुनंच नाव निघतं. सावेडीच्या रस्त्यावर मोबाईलचं एक काचेचं दुकान होतं. आत गेल्यावर दादांनी चपला दाराशी काढल्या, त्या मामीनं त्यांना परत घालायला लावल्या. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. तिनं दोन डबे पुढं ठेवले आणि विचारलं, “वायफाय ओन्ली दाखवू की सिमवाला?”

मला वाटलं होतं, टॅब म्हणजे टॅब. रंग निवडावा लागेल फार तर. त्या मुलीनं समजावून सांगितलं, त्याच किमतीत वायफायवाला घेतला तर स्क्रीन मोठी मिळते; सिमवाला घेतला तर स्क्रीन लहान, पण कुठंही नेट चालतं.

दादा पुढं वाकले. “ह्या मोठ्यात नेट हाय का न्हाई?”

“आहे ना काका. पण वायफाय असेल तर.”

“म्हंजी हाय का न्हाई?”

“आहे, पण घरात वायफाय पाहिजे.”

दादांनी डबा उलटापालटा करून पाहिला. “म्हंजी मोटर आपली, पन इहीर दुसऱ्याची.”

ती मुलगी हसली, मामाही हसला. मी हसले नाही, मला दादांची लाज वाटली. आज सांगते, त्या दुकानात ती गोष्ट फक्त त्यांनाच समजली होती.

मामाचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या घरी वायफाय होतं, कॉलेज दहा मिनिटांवर, अभ्यास घरातच करायचा, तर मोठी स्क्रीन का सोडायची? मामीचं म्हणणं वेगळं होतं आणि ते तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. “सिम आलं की नंबर आला. नंबर आला की कोण कुठून फोन करेल सांगता येत नाही. आमच्यावर जबाबदारी असते गं.” मी मान हलवली. सिम घेतलं तर मी वाईट मुलगी होणार, की वायफाय घेतलं तर मामीच्या मुठीत राहणार, यातलं तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट उमगलं नाही. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. डब्यांवर आकडे होते आणि सगळे आकडे सारखेच वाटत होते.

तेवढ्यात आईनं माझ्या कोपराला हात लावला. तिनं दोन्ही डब्यांकडं बोट केलं आणि विचारलं, यांत फरक काय? मी हात वर केले आणि ते तसेच राहिले. वायफायची खूण आमच्याकडं नव्हती. हवेतून येणारं, पण घरापुरतंच येणारं, दिसत नाही पण असतं, हे हातानं कसं दाखवायचं? मामी घड्याळाकडं बघत होती, दुकानात मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. आई लहान डब्याकडं दाखवत होती. त्याच्यावर माळावरून चालणाऱ्या बाईचं चित्र होतं. ती बोटानं तिकडं दाखवून पुन्हा पुन्हा विचारत होती, हा कसा आहे? हा? मी तिला सांगितलं, दोन्ही सारखंच.

तिनं लगेच हात खाली घेतले. आम्ही मोठ्या स्क्रीनचा, वायफायवाला घेतला.

मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथं सगळं हळू व्हायचं. मामी कुकरची शिट्टीसुद्धा चमच्यानं उचलून हळूच वाफ काढायची. पोळ्या कापसासारख्या मऊ असायच्या आणि चार खाल्ल्या तरी पोटात काही गेल्यासारखं वाटायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मामीला बोलवायचं म्हणून मी सवयीनं फरशीवर दोनदा पाय आपटला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, काय पडलं म्हणून विचारायला. मामीनं मला रागावलं नाही, नुसतं म्हणाली, “मनीषा, मला ऐकू येतं गं.” मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पण तिचं माझ्यावर लक्ष असायचं, हेही खरं आहे. माझ्या टेबलावर दूध कधी चुकलं नाही.

रविवारी सकाळी दहाला आईशी बोलणं ठरलेलं. आमच्या वस्तीवर वायफाय कुठलं असायला! दादांचा फोन बटणांचा, त्यात फक्त आवाज. म्हणून आई सुमनकाकूंकडं जायची. काकूंच्या फोनवर नेट होतं. त्या फोन हातात धरायच्या आणि आई समोर ओट्यावर बसायची. म्हणजे आमच्या बोलण्यात काकू कायमच हजर. आई नवी साडी नेसून, केस चापून बसायची, फोटो काढायला बसल्यासारखी. बरी आहे. गाय बरी आहे. जेवलीस का? अभ्यास कर. एवढंच. गोठ्यात ती मला जे सांगायची, कुणाची सून कशी वागते, दादांनी काय वेंधळेपणा केला, गाभण गाईचं पोट कुठल्या बाजूला हलतंय, त्यातलं एकही ओट्यावर यायचं नाही. मला ते कळत होतं आणि नव्हतंही. मला वाटायचं, मी लांब गेले म्हणून तीच कमी बोलायला लागली.

दिवाळीच्या आधी दोन रविवार ती आलीच नाही. काकू फोनवर म्हणाल्या, “कामात हाय गं ती. लई वैरन आलीया.” तिसऱ्या रविवारी आली, पण तिचं काही समजेना. हात हलायचे, पण खुणा लागायच्या नाहीत. दुधाची खूण अर्धीच व्हायची. कान दाखवायला गेली तर हात मानेशीच थांबला. मी विचारलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं आणि तेही तसंच, तोतरं. आणि उजव्या हाताच्या खुणा डाव्या हातानं येत होत्या. मी मामीला बोलावून दाखवलं. मामी म्हणाली, “अगं, कॅमेऱ्यात उलटंच दिसतं. माझा सेल्फी बघ, मंगळसूत्राची वाटी दुसरीकडं येते.” मामा म्हणाला, नेट स्लो असणार, मधलं मधलं गाळतं. त्यानं वायफायचा डबा बंद करून चालू केला, खिडकीजवळ ठेवला, कंपनीला फोन लावला. मी टॅब घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरले. प्रत्येक ठिकाणी आई तशीच, अर्धी अर्धी बोलणारी. उजवा हात पदराखाली होता. थंडी आहे, असं मला वाटलं. माझ्या आईला मी सोळा वर्षं वाचत आले होते आणि त्या दिवशी मला दोष दिसला तो फक्त नेटचा.

दिवाळीच्या सुट्टीला पारनेरच्या गाडीनं फाट्यावर उतरले. दादा घ्यायला आले होते. रस्ताभर ते गाईंबद्दल बोलत राहिले, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ते एरवी एवढं बोलत नसत. आई दारात उभी होती. मी धावत जाऊन तिचे हात धरले. डावा हातात आला, उजवा आला नाही. मग तिनंच तो पदराखालून काढला. पहिली दोन बोटं पेरापासून नव्हती. टाके निघाले होते, कातडी गुलाबी आणि चकचकीत दिसत होती.

कडबाकुट्टीत, वैरण कापायच्या यंत्रात, गेली होती. लाइट गेली, यंत्रात वैरण अडकली, ती काढायला तिनं हात घातला, आणि बटण तसंच चालू राहिलं होतं. लाइट आली. सगळ्या वस्तीवर मोटारी घरघरायला लागल्या, सुमनकाकूंचा टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला. अडकलेलं यंत्र फिरायला क्षणभर लागला; ऐकणाऱ्या माणसानं तेवढ्यात हात मागं घेतला असता. मी असताना बटणापाशी मीच उभी राहायचे, ते माझं कामच होतं. मी गेल्यावर ते कुणाचंच राहिलं नव्हतं.

“मला सांगितलं का न्हाई?” मी दादांवर ओरडले. मामाच्या घरी सुधारलेली भाषा कुठल्या कुठं गेली.

“तुजी परीक्षा हुती,” दादा म्हणाले. “आन् तीच म्हन्ली, पोरीला दावायचं न्हाई म्हनून.”

“ती म्हन्ली? तुमाला कवापासून कळायला लागलं ती काय म्हन्ती ते?”

दादा आत चुलीपाशी जाऊन बसले. मी आईकडं वळले आणि तिला हातवारे करून सांगितलं, मी परत जाणार नाही, इथंच राहणार, पारनेरला जाऊन-येऊन करीन. ती बोलायला लागली. डाव्या हातानं भरभर बोलत होती, उजव्या हाताची तीन बोटं मध्येच साथ देत होती, आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. खुणा बदलल्या होत्या. महिनाभरात तिनं नवं काय काय तयार केलं होतं. दूध आता मुठीनं व्हायचं, जा-ये खांद्यानं. माझ्या आईच्या पुढ्यात मी परक्या गावच्या माणसासारखी उभी होते आणि नुसती मान हलवत होते, अगदी तशीच, जशी बाहेरची माणसं तिच्यासमोर हलवतात.

तेव्हा चुलीपाशी बसलेले दादा बोलले. हळू, एकेक शब्द तिच्या हातांकडं बघत.

“ती म्हन्ती, बोटं माजी गेलीत. तुजी शाळा का जाईल?”

आईचे हात पुढं चालू होते.

“म्हन्ती, महिनाभर ह्यो मानूस माज्यापाशी बसून हाय. दवाखान्यात ह्यानं माज्याशी बोलायचं शिकून घेतलं. आता ह्याला समदं कळतं.” एवढं सांगून दादा खाली मान घालून लाकूड सारायला लागले. आईनं आणखी काही तरी केलं. ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्यांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. मी विचारलं, “काय म्हणाली?” तर म्हणाले, “ते तुज्यासाठी न्हाई.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्या क्षणी वाटलं ते असं, की माझी जागा गेली. आणि त्याच वेळी मनात हेही होतं, की मी सुटले. दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्हीची लाज वाटत होती. आजही मला त्या संध्याकाळचं नीट सांगता येत नाही. त्या रात्री जेवताना तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली, ती वेडीवाकडी झाली होती, जाड, एका कडेला करपलेली. आम्ही तिघांनी ती संपवली.

जेवल्यावर मी तिला खरं सांगितलं. दुकानातलं. दोन डबे जमिनीवर कोळशानं काढले, एका डब्याभोवती घर काढलं आणि घराबाहेर फुली मारली. दुसऱ्यापासून रेघ काढली ती गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत, बांधापर्यंत. सारखं नव्हतं, म्हटलं. मला सांगता आलं नाही म्हणून मी सारखं म्हटलं. तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग माझ्या डोक्यावर एक टपली मारली, बऱ्यापैकी जोरात, आणि दादांकडं वळून काही तरी म्हणाली.

“उद्या नगरला जाऊ म्हन्ती,” दादा म्हणाले.

दिवाळीच्या गर्दीत दुकानात तीच मुलगी होती. तिनं दादांना ओळखलं नाही, पण प्रश्न तोच विचारला. दादा म्हणाले, “सिमवाला. मानूस गोठ्यात असलं तरी दिसलं पायजे.” मोबाईल स्वस्त पडेल, असं तिनं सुचवलं. दादा म्हणाले, “न्हाई. मोबाईल हातात धरावा लागतो. हिला हात मोकळं लागत्यात. हे उभं ऱ्हातं नं?” तिनं कव्हर मागं दुमडून टॅब काउंटरवर उभा करून दाखवला. आईनं समोर उभं राहून दोन्ही हात हलवून पाहिले, आपले हात पूर्ण दिसतात का ते. ते पैसे तिच्या दुधाचे होते आणि ते तिनंच मोजून दिले. मामा आला होता. त्यानं खिशात हात घातला तसा तिनं त्याच्या कपाळाकडं दगड मारल्यासारखं केलं आणि तो हसून मागं सरला. मामी घरी म्हणाली, “मला ताईंच्या थोड्या खुणा शिकव गं मनीषा. नव्या.” मी म्हटलं, मलाच येत नाहीत अजून.

आणि मग ती बोलायला लागली. कॉलेजातून परतून मी वायफायच्या खोलीत शिरले की टॅब थरथरायचा. ती गव्हाणीवर टॅब उभा करून ठेवायची आणि शेण काढता काढता, वैरण टाकता टाकता सांगत राहायची. आता मधे काकू नव्हत्या. ती मला शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगायची, नवं यंत्र दाखवायची, ज्याचं बटण आता दादांशिवाय कुणी दाबत नसे. तिच्या नव्या खुणा मी अकरावीच्या वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढून लिहून ठेवायचे. निम्म्या चुकायच्या. ती रागवायची, पुन्हा सांगायची, चुकलं की टॅबच्या काचेवर टकटक करायची.

त्या उन्हाळ्यात गाय व्यायली. आईनं फोन लावला तेव्हा वासरू नुकतंच उभं राहत होतं, पाय फाकवून, ओलं. आईनं टॅब हातात घेऊन मला ते चारी बाजूंनी दाखवलं, मग गव्हाणीवर ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा घामानं चमकत होता. तिनं डावा हात छातीशी नेला, उजव्याची तीन बोटं त्यावर ठेवली आणि दोन्ही हात माझ्याकडं उघडले. ही खूण मी आधी कधी पाहिली नव्हती. मी विचारलं, काय? पुन्हा सांग. तिनं पुन्हा हात छातीशी नेले आणि तिथंच चित्र थांबलं. डेटा संपला होता.

सुट्टीला घरी गेले तेव्हा मी तिला ती खूण करून दाखवली आणि अर्थ विचारला. तिनं दोनदा बघितली. दादांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. आई म्हणाली, अशी काही खूण नाही आपल्याकडं. तूच चुकीचं पाहिलं असशील.

मी चुकीचं पाहिलं नव्हतं. पण त्या खुणेचा अर्थ मला अजून माहीत नाही.